आईचा मेसेज दादाने लिहिलाय हे कळलं कसं?

प्रश्न: आई सटाण्याची, पण आम्ही भावंडं पंचवटीतच वाढलो. परवा आईच्या मोबाईलवरून मेसेज आला, "तू रविवारी येणार आहेस का? आलीस तर बरं होईल." वाचल्या वाचल्या कळलं की हा दादाने टाइप केलाय, आणि तसंच निघालं. आई नेहमी लिहिते, "रविवारी येशील ना गं मग". एकाच घरात राहून प्रत्येकाचं बोलणं इतकं वेगळं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, उत्तर तुमच्या पत्रातच आहे. आई "येणार का" असं विचारतच नाहीत, तुम्ही येणार हे त्या धरूनच चालतात, म्हणून "ना", आणि शेवटी तो "मग". अशा प्रत्येकाच्या खास बोलण्याला व्यक्तिबोली म्हणतात, इंग्रजीत इडिओलेक्ट, बर्नार्ड ब्लॉक या भाषाशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये वापरलेला शब्द.

घर एक असलं तरी कानावर पडलेलं सगळ्यांचं सारखं नसतं ना. आईच्या कानात लहानपणापासून सटाण्याकडची, म्हणजे बागलाणातली अहिराणी बोली, तिथे "आहे"ला "शे" म्हणतात, दादाच्या कानात मित्र, कॉलेज, ऑफिस, आणि तुमचं अजून तिसरंच काहीतरी. त्यातून कोण काय उचलेल ते आधी सांगता येत नाही.

आणि माणूस ओळखू येतो तो भारी शब्दांवरून नाही, बारक्या शब्दांवरून, मला तर हे फार सुंदर वाटतं. अमेरिकेत १७८७-८८ मध्ये राज्यघटनेच्या बाजूने टोपणनावाने ८५ लेख छापून आले, त्यातले १२ हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, या दोन राजकारण्यांपैकी नक्की कोणाचे, यावर खूप वर्षं वाद होता. मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी साधे शब्द मोजले, हॅमिल्टन "अपॉन" (म्हणजे "वर") हा इंग्रजी शब्द सतत वापरायचा, मॅडिसन क्वचितच, आणि १९६४ च्या त्यांच्या पुस्तकात ते १२ लेख मॅडिसनच्या बाजूला गेले. विषय दोघांचा एकच होता, पण असे शब्द लिहिताना कोणाचं लक्षच नसतं, हात आपोआप चालतो.

फक्त याला बोटांच्या ठशासारखं पक्कं समजू नका. भाजीवालीशी बोलतो तसं आपण साहेबांशी बोलत नाही, वयाबरोबरही बोलणं बदलतं, आणि एका मेसेजवरून अनोळखी माणूस कोणालाच ओळखता यायचा नाही. तुम्हाला जमलं कारण आईचं बोलणं तुम्ही जन्मापासून ऐकताय.

रविवारी गेलात की आईला विचारा, सटाण्याची आजीपण शेवटी असंच "मग" लावायची का.