सत्तांतर, सत्तेचं अंतर आणि वेशीबाहेरची घरं

ऐरोलीच्या एका कंपनीतल्या ताईंनी विचारलंय: ऑफिसच्या प्रशिक्षणात 'पॉवर डिस्टन्स'साठी, म्हणजे साहेब आणि हाताखालची माणसं यांच्यातल्या सत्तेच्या दुराव्यासाठी, पडद्यावर 'भारताचे सत्तांतर ७७' असं लिहिलं होतं. प्रशिक्षक म्हणाले, म्हणूनच तुम्ही सगळे साहेबांना घाबरता. हा शब्द बरोबर आहे का? आणि 'इंडिव्हिज्युअलिझम'ला व्यक्तिवाद म्हणावं का?

साफ चूक आहे. ठाण्यात वर्षभरात तिसऱ्यांदा हा शब्द माझ्या कानावर आला: एकदा व्याख्यानात, एकदा एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यात, आणि आता हा. सत्तांतर म्हणजे एकाच्या हातून सत्ता जाऊन दुसऱ्याच्या हाती येणं. 'सत्तांतर ७७' वाचलं की माझ्या पिढीला १९७७ आठवतं, इंदिरा गांधी हरल्या आणि जनता पक्ष आला ते. साहेब आणि कारकून यांच्यातल्या दुराव्याचा त्याच्याशी काय संबंध?

हा दुरावा मोजला डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांनी. शब्द त्यांनी माउक मुल्डर या दुसऱ्या डच मानसशास्त्रज्ञाकडून घेतला. मुल्डर यांचं म्हणणं असं, की खालचा माणूस हे अंतर कमी करू पाहतो आणि वरचा ते राखू पाहतो. हॉफस्टेडनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या संगणक कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी भरलेल्या लाखाहून जास्त प्रश्नावल्या चाळल्या आणि १९८० साली आपला निर्देशांक मांडला. तो उभा आहे तीन प्रश्नांवर: साहेबांचं पटलं नाही तर तसं बोलून दाखवायला माणसं किती वेळा कचरतात, तुमचे साहेब निर्णय कसे घेतात, आणि कसे घेणारे साहेब तुम्हाला आवडतील. आकडा जितका मोठा, तितका दुरावा जास्त: भारत ७७, अमेरिका ४०, ऑस्ट्रिया ११. मलेशियाचा आकडा १०४ आहे, कारण शंभराची पट्टी ठरल्यावर तो देश यादीत आला.

आता 'अंतर'. दिसायला एक, पण आत दोन वेगळ्या कुळांचे शब्द आहेत. एक 'आतला' या अर्थाचा: अंतरंग, अंतरात्मा. लॅटिन 'इंटर' हे त्याचं भावंड. दुसरा 'निराळा, दुसरा' या अर्थाचा. जर्मन 'आंडर' आणि इंग्रजी 'अदर' ही त्याची भावंडं. समासाच्या शेवटी आपल्याकडे बहुतेक वेळा हा दुसराच येतो. देशांतर म्हणजे दुसरा देश, वेषांतर म्हणजे दुसरा वेष, तसंच भाषांतर, धर्मांतर, नामांतर. संस्कृत व्याकरणात तर 'अन्यो देशः देशान्तरम्' असाच विग्रह करतात. म्हणून 'सत्ता'ला 'अंतर' जोडलंत की कान 'दुसरी सत्ता' हेच ऐकणार, तुम्ही व्याख्या कितीही करा.

यावर संस्कृतच्या एका प्राध्यापकांनी मला अडवलं: मग मध्यंतर आणि मन्वंतर यांचं काय, तिथे 'दुसरा' कुठे आहे? नाही, आणि असायचं कारणही नाही. ते दोन्ही कालावधीचे शब्द आहेत. दोन माणसांमधला दुरावा सांगणारा, संधी करून जोडलेला आणि मराठी माणूस रोज वापरतो असा एक शब्द त्यांनी दाखवावा. विचारून तीन महिने झाले, अजून आलेला नाही. त्यांनी स्वतः सुचवलेलं 'सत्तादूरत्व' तर बोलून बघा, जीभ अडखळते.

खरी गंमत पाणिनीकडे आहे. त्याचं एक सूत्र आहे, 'अन्तरं बहिर्योगोपसंव्यानयोः'. 'अंतर' शब्दाचा अर्थ 'बाहेरचा' किंवा 'आत नेसायचं वस्त्र' असा असेल तेव्हा तो सर्वनामासारखा चालतो. बाहेरचा! 'आत' सांगणाराच शब्द 'बाहेर'ही सांगतो. पाणिनीच्या सूत्रांवरच्या काशिकावृत्ती या जुन्या टीकेत उदाहरण दिलंय 'अन्तरे गृहाः', म्हणजे नगराबाहेरची घरं, आणि कुणाची तेही स्पष्ट सांगितलंय: समाजाने अस्पृश्य ठरवलेल्यांची. आपण ज्याला गावकुसाबाहेर म्हणतो तेच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. हॉफस्टेडच्या कितीतरी शतकं आधी एका व्याकरणकाराने 'अंतर' समजावताना थेट माणसामाणसांतल्या दुराव्यावर बोट ठेवलं होतं.

माझं मत असं आहे की मराठी 'अंतर'ची खरी नाळ इथे आहे. माहेर अंतरलं, देवा अंतर देऊ नकोस, या बोलण्यात तुटलेपणच आहे. ठाणे ते वाशी हे अंतर त्यामानाने उपरं. एक फरक मात्र सांगायलाच हवा. 'अन्तरे गृहाः' हे वेशीच्या आत उभं राहून बघणाऱ्याचं बोलणं आहे. हॉफस्टेडची व्याख्या खालून बघते: कमी सत्ता असलेली माणसं ही विषमता कितपत गृहीत धरून चालतात, हे तिच्यात मोजायचं असतं. प्रश्न साहेबांनाच विचारले असते तर आकडे वेगळे आले असते, असं मला वाटतं.

तेव्हा ताई, 'सत्तेचं अंतर' लिहा. दोन शब्द, मध्ये षष्ठी, संधी नको. व्यक्तिवाद चालेल. आणि प्रशिक्षकांना सांगा, ७७ हा अख्ख्या देशाचा सरासरी आकडा आहे, दोन देश शेजारी ठेवून बघण्यासाठी बांधलेला. तो एकेका माणसाला लावायचा नसतो, हे हॉफस्टेडनी स्वतःच बजावलंय. खोलीत बसलेल्यांपैकी कोण साहेबांना घाबरतं, ते त्या आकड्यावरून कळत नाही.