डोकं ठणकलं की आधी बसता कर

भावा, दादाची मज्जारज्जूची इंजुरी टी-६ च्या (छातीमागच्या सहाव्या मणक्याच्या) वर आहे म्हणतोस तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया ध्यानात ठेव, म्हणजे इंजुरीच्या खाली काहीतरी अडकलं-टोचलं की बीपी एकदम चढतो. अचानक डोकं ठणकायला लागलं, तोंड लालबुंद, मानेवर घाम आणि पाय मात्र गार, तर लगेच बीपी बघ. अशा पेशंटचा वरचा बीपी मुळात ९०-११० च्या आसपास असतो, त्यामुळं १४० पण त्याला लई झाला. आडवा करू नको, ताठ बसव, पाय खाली सोड, पट्टा मोजे सैल कर आणि कॅथेटर (लघवीची नळी) बघ, बहुतेक वेळा घोळ तिथंच असतो, नळी मांडीखाली दुमडलेली नाहीतर पिशवी गच्च भरलेली. मग संडास अडकलीय का, जखम आहे का. बीपी दर पाच मिनिटांनी घेत रहा. उतरला नाही तर थांबू नको, तासगावातनं थेट मिरजेला गाडी काढ, बसवूनच ने, आणि डॉक्टरांना ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया असं स्पष्ट सांग, रोजचा बीपी किती असतो ते पण.