झरा म्हणायचं की पाझर?

प्रश्न असा आलाय की जंगलातल्या ओढ्याच्या पाण्यातल्या कार्बनवर मराठीत लिहायचंय, तर जमिनीतलं पाणी ओढ्याला मिळतं त्या जागेला 'झरा' म्हटलं तर चालेल का, आणि 'विरघळलेला सेंद्रिय कार्बन' बरोबर आहे का.

झरा नको, पाझर घ्या. झऱ्याला तोंड असतं, बोट दाखवता येतं. पण आमच्या कोकणात पाऊस ओसरल्यावर जांभ्याच्या कडेने, पऱ्याच्या काठाने (पऱ्या म्हणजे ओढाच, खाली सिंधुदुर्गात गेलात तर व्हाळ म्हणतील) जे पाणी सगळीकडून झिरपत राहतं त्याला असं एक तोंड नसतंच आणि तुमचा विषय नेमका तिथला आहे. 'हायपोरीक झोन' ही जरा वेगळी भानगड, ओढ्याच्या तळाच्या वाळूगोट्यांखाली ओढ्याचं पाणी आणि भूजल मिसळतं तो थर, ओर्गिदान नावाच्या रुमानियन शास्त्रज्ञाने हे नाव ग्रीकवरून पाडलं. त्याला मी तरी 'तळपाझर' म्हणेन.

आता सेंद्रिय. हल्ली सेंद्रिय म्हटलं की लोकांना सेंद्रिय गूळच आठवतो, पण मूळ स + इंद्रिय, केमिस्ट्रीत तोच रुळलाय, ठेवा. फक्त जोडीला 'निरिंद्रिय' (इनऑरगॅनिक) पण लागेल, कारण आमच्याकडच्या पाझरात जास्त करून तोच कार्बन. मुळं आणि जिवाणू श्वास घेतात त्याने मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट साठतो, तो पाण्यात मुरतो, जांभ्यात चुना जवळपास नाहीच त्यामुळे आम्लपणा मारायला कोणी नाही, मग पाणी उघड्यावर आलं की गॅस उडतो आणि पीएच वर सरकतो, म्हणजे आम्लपणा उतरतो. सेंद्रिय कार्बन मात्र जांभ्यातली लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं वाटेतच धरून ठेवतात म्हणून पाझराचं पाणी नितळ. जोराच्या पावसात पालापाचोळ्यातून वरच्यावर उतरतं ते पाणी कोऱ्या चहासारखं, त्यात सेंद्रिय भरपूर. लाल मातीचा गढूळपणा वेगळा हां, तो बराचसा गाळून जातो, हा रंग जात नाही.

आणि 'विरघळलेला' हे पण मानण्यावरच आहे. लॅबमध्ये साधारण ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जे पार झालं ते विरघळलेलं, त्यात अतिबारीक कणही खपून जातात. शब्द बदलू नका, फिल्टर कुठला वापरला तेवढं लिहा.

अजून एक शब्द लागेलच तुम्हाला, पाझर बाहेर येतो त्या काठाला बुळबुळीत तांबडा थर बसतो तो. 'लोहाचा साका' म्हणा. भूजलातलं लोह हवा लागली की गंजून तिथे बसतं, सेंद्रिय कार्बनपण थोडा त्याला चिकटून अडकतो. वर तेलकट तवंग असेल तर काडी मारून बघा, तुकडे तुकडे झाले तर तो लोहाचा आणि जिवाणूंचा, फिरून एक झाला तर ते खरं तेल, वरच्या अंगाला कोणीतरी पंप धुतलाय.