क्लास न लावता गिटार शिकायची आहे. आधी कॉर्ड शिकू की स्केल?

तुम्ही लिहिलंय की वय 34, नोकरीमुळे क्लासच्या वेळा जमत नाहीत, लहानपणी गांधर्वच्या हार्मोनियमच्या दोन परीक्षा दिल्यात आणि आता गिटार आणून ठेवली आहे. व्हिडिओ बघायला बसलं की एक जण म्हणतो आधी कॉर्ड, दुसरा म्हणतो आधी स्केल, आणि गिटार आहे तिथेच राहते.

हात कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यावर, बसवायला लागा. स्केल म्हणजे सप्तक, ती तुम्हाला येतेच, ती फक्त गिटारवर कुठे आहे ते शोधायचंय. ज्याने कधीकाळी भात्यावर सारेगम घोटलंय त्याने ‘मेजर स्केल’ या नावाचा बाऊ करून घेऊ नये. तो बिलावल थाट आहे, बाकी काही नाही.

आधी तारा लावून घ्या. जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई. पांढरी 1 ला सा धरलात तर याच तारा ग, ध, रे, प, नि, ग होतात. तारांचे नंबर मात्र उलटे चालतात: सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी. मोबाइलवर फुकट ट्यूनर मिळतो, तो खुशाल वापरा, पण कानालाही काम द्या. सहावी तार 5 व्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या 5 व्या आडव्या धातूच्या पट्टीच्या अलीकडे, दाबली की मोकळ्या पाचव्या तारेचा सूर यायला हवा. पुढच्या तारांचंही तसंच, फक्त तिसरीवरून दुसरी लावताना 4 था फ्रेट दाबायचा.

आता दुसरी तार घ्या, बी. तिच्या 1 ल्या फ्रेटवर सा धरा आणि एकाच तारेवर वर सरकत जा: 1, 3, 5, 6, 8, 10, 12, 13. हा तुमचा सारेगमपधनिसां. ग-म आणि नि-सां या जोड्या शेजारच्या फ्रेटवर येतात, बाकी सगळीकडे मधला एक फ्रेट सुटतो. पेटीवर या दोन ठिकाणी मध्ये काळी पट्टी नसते, तेच हे. गिटारवर काळं-पांढरं दिसत नाही, म्हणून माणूस गोंधळतो. पण एका तारेवर सप्तक असं आडवं बघितलं की अंतरं बोटांना कळतात. सा कुठल्याही फ्रेटवर धरा, अंतरं तीच राहतात.

एवढं झालं की तेच सप्तक एका जागी बसून वाजवा. पाचव्या तारेचा 3 रा फ्रेट सा. चौथी तार मोकळी रे, 2 रा फ्रेट ग, 3 रा फ्रेट म. तिसरी तार मोकळी प, 2 रा फ्रेट ध. दुसरी तार मोकळी नि, 1 ला फ्रेट वरचा सा. पहिल्या फ्रेटला तर्जनी, दुसऱ्याला मधलं बोट, तिसऱ्याला अनामिका. हात जागचा हलत नाही.

आता हीच बोटं तिथेच ठेवून सी कॉर्ड धरा: अनामिका पाचव्या तारेच्या 3 ऱ्या फ्रेटवर, मधलं बोट चौथीच्या 2 ऱ्यावर, तर्जनी दुसरीच्या 1 ल्यावर, तिसरी आणि पहिली तार मोकळी. सहावी वाजवायची नाही. पाचवीपासून खाली एकेक तार छेडा: सा, ग, प, सा, ग. म्हणजे कॉर्ड म्हणून जे काही वेगळं शिकायचं असं वाटत होतं, ते आत्ता वाजवलेल्या सप्तकातले एकाआड एक तीन सूर निघाले. रे पासून तसंच घ्या, रे-म-ध, डी मायनर. ग-प-नि ई मायनर, म-ध-सा एफ, प-नि-रे जी, ध-सा-ग ए मायनर. मेजर की मायनर हे पहिल्या दोन सुरांमधल्या अंतरावर ठरतं. कॉर्डचा पहिला सूर सा धरला आणि दुसरा त्याचा शुद्ध ग निघाला तर मेजर, कोमल ग निघाला तर मायनर. कॉर्डचे तक्ते भिंतीला चिकटवून पाठ करणाऱ्यांना हे कित्येक महिने कुणी सांगत नाही, याचं मला नवल वाटतं.

आता हाताचं काम. इथे मात्र समजून काही होत नाही, घासावंच लागतं. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या अलीकडे टेकवायचं. दोन फ्रेटच्या मधोमध टेकवलं तर दुप्पट जोर लावूनही तार खरखरते. सी कॉर्डमध्ये बहुतेकांची तर्जनी आडवी पडते, तिचं पोट पहिल्या तारेला टेकतं आणि ती तार मुकी होते. डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापा, अंगठा मानेच्या मागे आणा, बोटं वरून उभी पडू द्या. कॉर्ड धरली की लगेच झणकन हात फिरवायचा मोह होतो. आधी एकेक तार वाजवून कुठली गप्प आहे ते बघा.

बोटांची टोकं पहिले काही आठवडे दुखणार, पुढे तिथली कातडी घट्ट होते. मनगट दुखायला लागलं तर मात्र थांबायचं, तिथे काहीतरी वाकडं धरलं जातंय. आणि बाराव्या फ्रेटवर तार 3 मिलिमीटरहून जास्त उंच असेल तर दोष तुमच्या बोटांचा नाही. दुरुस्तीवाल्याकडून तारा खाली उतरवून घ्या, हवं तर 10 नंबरच्या हलक्या तारा चढवायला सांगा. पावसाळ्यात कोकणपट्टीच्या हवेत लाकूड फुगतं आणि तारा आणखी वर जातात, तेव्हा गिटार भिंतीला टांगून ठेवू नका, पिशवीत ठेवा.

कॉर्ड सुट्या सुट्या शिकण्यापेक्षा जोडीने शिका, कारण खरी अडचण एकीवरून दुसरीवर जाताना येते. ई मेजर धरा आणि तीच मूठ न मोडता एक तार खाली, बारीक तारांकडे सरकवा: ए मायनर झाली. ए मायनरवरून सी ला जाताना तर्जनी आणि मधलं बोट हलतच नाही, फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून उठून पाचवीच्या 3 ऱ्या फ्रेटवर जाते. ज्या बोटाला उठायची गरज नाही ते उठवायचं नाही. मूळचे ऑस्ट्रेलियाचे जस्टिन सँडरको 2003 पासून जस्टिन गिटार या संकेतस्थळावर फुकट धडे देतात, तिथला एक सराव मला सगळ्यात उपयोगी वाटतो: घड्याळ लावून एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती वेळा ये-जा होते ते मोजायचं. साठच्या आसपास गेलात की ती जोडी गाण्यात अडत नाही. धडे इंग्रजीत आहेत, पण समजायला सोपे. रोज 15-20 मिनिटं पुरतात. आठवडाभर काही नाही आणि रविवारी तीन तास, याने बोटं फक्त सोलवटतात.

एफ चा बॅरे, म्हणजे तर्जनीने सहाही तारा एकदम दाबणं, यात बरेच लोक गिटार सोडतात. त्याच्या नादी आत्ता लागू नका. सी कॉर्ड धरलेली असताना तर्जनी तिथेच ठेवा, मधलं बोट आणि अनामिका दोन्ही एकेक तार खाली आणा आणि फक्त खालच्या चार तारा वाजवा. एफ मेजर सेव्हन मिळतो आणि गाण्यात बिनधास्त चालतो. त्याहून सोपं म्हणजे सुरुवातीची गाणी जी पट्टीत बसवा. तिथे सा जी, म सी, प डी आणि ध ई मायनर. एफ लागतच नाही, आणि ढीगभर गाणी या चारांत होतात.

उजव्या हातासाठी पाश्चात्त्य पॅटर्न पाठ करण्याआधी मनात केरवा धरा. आठ मात्रा, विषम मात्रेला हात खाली, सम मात्रेला वर. हात पंख्याने वारा घातल्यासारखा सतत हलता राहिला पाहिजे. आघात नको असेल तिथे तारांना न लागता जाऊ द्या, पण थांबवू नका. दादऱ्याच्या गाण्याला सहा. लयीचे ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर 60 ची लय सुरुवातीला कंटाळवाणी वाटेल, तरी तिथूनच चढा.

घरात कुणी गाणारं असेल तर एक कॅपो घ्या, म्हणजे मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा; सगळ्या पट्ट्यांमधल्या कॉर्ड शिकत बसावं लागत नाही. काळी 1 हवी तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी चे आकार वाजवा. काळी 4 ला त्याच जागी कॅपो ठेवून जी चे आकार. काळी 2 ला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि पुन्हा सी.

एक धोका तुम्हाला इतरांपेक्षा लवकर जाणवेल, कारण कान पेटीवर तयार झालाय. रागातल्या चालींना इंटरनेटवर दिलेल्या कॉर्ड डोळे मिटून लावू नका. भूपात म आणि नि नाहीत. सी पट्टीत एफ वाजवलात की त्यात म आला, जी वाजवलात की नि आला. अख्ख्या भूपात बसणाऱ्या आपल्या कॉर्ड दोनच, सी आणि ए मायनर. तिथे मी बहुतेक वेळा सा-प चं जोड धरून ठेवतो आणि चाल एकेका तारेवर वाजवतो. यमनात उलट गंमत: तीव्र म मुळे रे वरची कॉर्ड मायनरची मेजर होते, म्हणजे सी पट्टीत डी मायनरच्या जागी डी मेजर. सी वरून तिच्यावर जाऊन परत या, यमन लगेच ओळखू येईल.