१२३४५६७८९८७६५४३२१ हाताळताना

एवढी १७ अंकी संख्या देऊन अवयव पाडायला सांगितले की नवखा माणूस आधी २, ३, ५, ७ ने भागत सुटतो. तसं करू नकोस. आधी तिच्याकडे नीट बघ. दोन्हीकडून सारखीच वाचता येते, अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ ने भाग जाणारच. मग वर्गमूळ काढून बघ: १११११११११. नऊ एक्क्यांचा वर्ग!

आता काम सोपं झालं. मोठ्या संख्येचे अवयव पाडायचेच नाहीत, वर्गमुळाचे पाडायचे. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. म्हणून आपल्या संख्येत ३ चा चौथा घात आणि बाकी दोघांचे वर्ग. विभाजक किती? प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणायचं: ५ × ३ × ३ = ४५. विषम आले, पूर्ण वर्गाचे तसेच येतात.

नऊ एक्क्यांचा स्वतःशीच गुणाकार एकदा तरी कागदावर उभा मांडच. मधल्या स्तंभात नऊ एक्के येतात, हातचा कुठेच नाही, हे डोळ्यांनी दिसायला हवं. दहा एक्के घेतलेस की हातचा येतो आणि डौल मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. स्प्रेडशीटवर मात्र विसंबू नकोस, ती १५ अंकांपुढे शून्यं भरते. पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा पूर्ण उत्तर देते.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर अशा संख्यांना डेम्लो म्हणत, डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. मला ते नाव फार प्रिय आहे. पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी ६१७४ ही संख्या घे.