मिनी डीव्हीडी कॅमकॉर्डरवरचं गणेश चवथीचं जुनं शूटिंग लॅपटॉपला दिसत नाही, काय करावं?

शूटिंग केलं त्याच कॅमेऱ्यात डिस्क आधी ‘फायनलाइझ’ करा (म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी पक्की करा; कॅमेऱ्याच्या मेनूत हा पर्याय असतो), मग ट्रेवाल्या यूएसबी डीव्हीडी ड्राइव्हमधून ‘व्हिडिओ टीएस’ (VIDEO_TS) फोल्डर सगळाच्या सगळा कॉपी करा. फायनलाइझ न झालेली डिस्क संगणकाला बहुधा कोरीच दिसते (आणि लोक ती खराब समजून टाकून देतात!). फायनलाइझ होताना वीज गेली तर डिस्क बाद होऊ शकते. गोव्यातल्या पावसाळ्यात हे ध्यानात ठेवा, अडॅप्टरसोबत भरलेली बॅटरीही लावा. फोल्डरातल्या व्हीओबी (व्हिडिओच्या) फायली व्हीएलसी प्लेअरमध्ये थेट चालतात, मोबाइलसाठी हँडब्रेक या सॉफ्टवेअरने एमपी४ करा. स्लॉटवाल्या (ट्रे नसलेल्या, फटीतून डिस्क आत घेणाऱ्या) ड्राइव्हमध्ये ही ८ सेंटिमीटरची डिस्क घालू नका, अडकते. मात्र पुन्हा लिहिता येणारी डिस्क व्हीआर मोडमध्ये (कॅमेऱ्याच्या दुसऱ्या रेकॉर्डिंग पद्धतीत) भरली असेल तर ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर नसतो, व्हीआरओ फाइल मिळते. तीच कॉपी करा.