कॅप्टन झाले, पण पिचरताईंना बाहेर या कसं म्हणू?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अमरावतीची. नोकरी सांभाळून आमच्या क्लबच्या महिला सॉफ्टबॉल संघात शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये, खेळते. आधीची कॅप्टन लग्न होऊन पुण्याला गेली आणि यंदा सगळ्यांनी माझं नाव पुढे केलं. आम्हाला कोच नाही, त्यामुळे निर्णय मलाच घ्यावे लागतात. महिनाअखेरीस खुली स्पर्धा आहे. आमच्या पिचरताई, म्हणजे बॉल टाकणाऱ्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या. पाचव्या इनिंगनंतर त्यांचा हात थकतो, बॉल वर राहायला लागतो. हे सगळ्यांना दिसतं, पण सांगायचं कोणी? कॉलेजमधली एक डावखुरी पिचर बेंचवर नुसती बसून असते. शिवाय एखादी चूक झाली की सगळ्या एकमेकींवर ओरडतात, माझं कुणाला ऐकूच जात नाही. कॅप्टननं नेमकं काय करायचं असतं?

उत्तर : पिचरताईंपासूनच सुरुवात करते, कारण तुझ्या मनावरचं खरं ओझं तेच आहे.

सॉफ्टबॉलमधला एक नियम आपले हौशी संघ फारच कमी वापरतात. सुरुवातीला उतरलेल्या खेळाडूला बाहेर घेतलं, तरी तिला एकदा परत आत आणता येतं. फक्त बॅटिंग ऑर्डरमधली तिची जागा तीच राहायला हवी आणि प्रत्येक बदल आधी पंचांना सांगायला हवा. बदली केली म्हणजे त्या खेळाडूचा सामना संपला असंच आपल्या डोक्यात बसलंय. ताईंनाही तसंच वाटत असणार.

टोकियो ऑलिंपिकची फायनल आठव. 27 जुलै 2021, जपान विरुद्ध अमेरिका. जपानची पिचर युकिको उएनो तेव्हा 39 वर्षांची होती. 2008 मध्ये बीजिंगला याच उएनोनं दोन दिवसांत तीन सामने मिळून 413 बॉल टाकले होते आणि सुवर्णपदक मिळवून दिलं होतं. एवढ्या मोठ्या खेळाडूला फायनलमध्ये सहाव्या इनिंगला बाहेर घेतलं आणि 20 वर्षांच्या डावखुऱ्या मिउ गोतोच्या हातात बॉल दिला. गोतोनं ती इनिंग काढली. सातव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला उएनो परत आली आणि जपाननं 2-0 असा सामना जिंकला. उएनोचा मान यात तसूभरही कमी झाला नाही.

तुझ्या संघात एक अनुभवी पिचर आहे आणि एक तरुण डावखुरी आहे. किती क्लबांना हे मिळतं, सांग? समोरच्या मुलींनी दोनदा-तीनदा ताईंची बॉलिंग खेळलेली असते, त्यांचं टायमिंग बसलेलं असतं. तेवढ्यात हात बदलला की ते बिघडतं. म्हणून ताईंचा हात थकला असो-नसो, सहावी इनिंग डावखुरीला देणं हा मला चांगला डावच वाटतो.

हे ताईंना सामन्यात, सगळ्यांसमोर कधीच सांगू नकोस. या आठवड्यात प्रॅक्टिस संपल्यावर एकटी त्यांच्याजवळ बस आणि सरळ सांग, ‘ताई, सहावी इनिंग हिला देऊ या, सातवीला तुम्ही परत या. शेवट तुमच्याच हातून हवाय.’ आणि त्या मुलीला तयार करायची जबाबदारी त्यांच्यावरच सोपव. कदाचित त्या रुसतील. रुसू देत. एक-दोन दिवस जाऊ दे, पण ठरवलेलं बदलू नकोस. ती मुलगी रोज प्रॅक्टिसला येते, तिलाही बॉल मिळायला हवा.

आता ओरडण्याचं. मी बरीच वर्षं कॅचर होते, बॅटरच्या मागे बसून बॉल पकडायचे, सगळं मैदान समोर दिसायचं. कुणी कुठे जायचं हे ठरलेलं नसलं की मुली ओरडतात, असं मी कितीदा पाहिलंय. बंटचंच घे, म्हणजे बॅट न फिरवता बॉल हलकेच जवळ टाकणं. फर्स्ट बेसवर रनर आहे, एकही आऊट नाही आणि समोरची बंट करते. फर्स्ट आणि थर्डवाल्या दोघी पुढे धावतात. फर्स्ट कव्हर करायला सेकंडवाली जाते, सेकंडवर तू येतेस. मग थर्डवर कोण? बेस ते बेस अंतर फक्त 60 फूट. तुम्ही फर्स्टवर आऊट मिळवून खूश होता, तेवढ्यात चलाख रनर सेकंडला वळसा घालून मोकळ्या थर्डवर पोहोचते. मग पिचर कॅचरवर ओरडते, कॅचर तुझ्यावर. माझं मत विचारशील तर थर्डवर कॅचरनं धावावं. काही संघ लेफ्ट फील्डरला आत बोलावतात, तेही चालतं. पण एकच ठरवा आणि रोज प्रॅक्टिसला तेवढंच दहा मिनिटं करा, नुसतं चालत केलं तरी चालेल. स्टीलचं, म्हणजे रनर फटक्याशिवाय पुढच्या बेसवर धावते त्याचं, आणि आऊटफील्डच्या थ्रोचंही असंच ठरवून घ्या.

सामन्यात प्रत्येक बॅटरच्या आधी किती आऊट झाल्या ते बोटांनी दाखव आणि एकच वाक्य बोल : ‘एक आऊट, बंटला थर्ड कॅचर.’ चूक झाली तर फक्त तू आणि कॅचर बोलायचं, बाकी कुणी नाही, हे आधीच सगळ्यांकडून कबूल करून घे. लांबून ओरडू नकोस, टाइम मागून पिचरजवळ जा.

कागदाचं कामही तुझंच. लाइनअप कार्ड पंचांकडे देण्याआधी नावं, जर्सी नंबर आणि क्रम दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखव. चुकीच्या क्रमानं कुणी बॅटिंग केली आणि समोरच्यांनी पुढचा बॉल पडण्याआधी अपील केलं, तर जिची पाळी होती ती आऊट होते. सेफ की आऊट, बॉल की स्ट्राइक यावर पंचांशी वाद घालू नकोस. नियमच चुकीचा लावला असेल तर मात्र पुढचा बॉल पडायच्या आत, एकटीनं जाऊन, शांतपणे बोल.

टॉस जिंकलीस तर आधी फील्डिंग घे. शेवटची बॅटिंग तुमची राहते, किती रन हवेत ते माहीत असतं. आणि बरोबरी होऊन आठवी इनिंग टायब्रेकरनं, सेकंडवर रनर ठेवून सुरू झाली, तर बंट करायचा की मोठा फटका मारायचा हे समोरच्यांचे रन बघून ठरवता येतं.